मंदाची बॅग मी भरली

आमच्या शिवारात सध्या माझी फार कीर्ती झालीय. राहात्याच्या बाजारात कुणी भेटलं की म्हणतं, "तुमच्यासारखा नवरा बघितला न्हाई हो! बायकोची वेणी घालता, तिला भरवता, समदं करता." बायका तर आपापल्या नवऱ्यांना माझ्याकडं बोट दाखवून ऐकवतात. मी हसतो, हात जोडतो आणि तिथून सटकतो. मी काय केलंय ते या लोकांना माहीत नाही. माझ्या लेकीला अर्धं माहीत आहे. मंदाला सगळं माहीत आहे, पण तिला ते सांगता येत नाही.

मंदा माझी बायको. वय एक्कावन्न. आमच्याकडं म्हणतात तसं तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळीच गेली. त्यानंतर पाच महिने मी तिला एकट्यानं सांभाळलं, आणि मग एक दिवस सगळं सामान भरून तिला घरातून पाठवून दिलं. मला वाटलं मी तिला पंधरा दिवस माहेरी पाठवतोय. तिला वाटलं मी तिला टाकली. हे घर अजून आपलं आहे असं तिला आज तरी वाटतं का, एवढंच मला जाणून घ्यायचंय. बाकी तिचा हात हलो न हलो.

तुमच्याही घरात असं माणूस असेल आणि सांभाळता सांभाळता तुमचीच कंबर मोडली असेल, तर हे वाचा. मी शहाणा आहे म्हणून लिहीत नाहीये. मी जो गाढवपणा केला तो तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहितोय.

हातातून पडणारे पेरू

दोन एकर पेरू आहे आमचा. मार्गशीर्षातला तोडा चालू होता. उजाडता उजाडता फळ तोडायचं, शेडमध्ये आणायचं, कॅरेटला रद्दी पेपर लावायचा आणि एकाला एक चिकटवून, कुठंही पोकळी न ठेवता भरायचं. पोकळी राहिली की टेम्पोत फळ हलतं आणि ठेचतं. हे भरायचं काम माझं. एकोणतीस वर्षं करतोय. माझ्या कॅरेटमधलं फळ कधी हललं नाही, याचा मला गर्वच होता म्हणा ना. मंदा फळ निवडून माझ्या हातात द्यायची. साडीवर माझा जुना लांब बाह्यांचा शर्ट घातलेला, डोक्याला रुमाल.

त्या दिवशी तिच्या हातातून एक पेरू पडला. मी म्हणालो, "नीट दे." दुसरा पडला. तिसरा पडला तेव्हा मी डाफरलो, "मंदे, हात मोडले काय तुझे? माल ठेचतोय!" ती हसली. तोंड एकाच बाजूनं हसलं. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, माझ्या ओरडण्यानं चिडलीय.

संकष्टीचा उपास होता तिचा. पित्त झालं असेल म्हणून शेजारच्या हौसाकाकूंनी लिंबाचं सरबत करून दिलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं. मी म्हणालो, "पड जरा वेळ. टेम्पो जाऊ दे, मग डॉक्टरकडं जाऊ." टेम्पो गेला तेव्हा ऊन पार शेडच्या आत आलं होतं. मी तिला उठवायला गेलो तर तिचा उजवा हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा खाली लोंबला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "सुरू कधी झालं?" मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "थोडं आधी आणायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तेव्हा बाबांनो, तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, की त्याच मिनिटाला उठा. टेम्पो गेला तर गेला.

बायकांच्या वॉर्डात

अठरा दिवस दवाखान्यात होतो. बायकांचा वॉर्ड. आत गडीमाणूस मी एकटाच, म्हणून सुरुवातीला खालमानेनं बसायचो. सकाळी चादरी बदलायच्या, मग मोठे डॉक्टर यायचे, मग व्यायामवाली बाई, मग नळीतून पातळ जेवण. दोन दिवसांत सगळं पाठ झालं. घाबरायलाही वेळापत्रक असतं असं मला तिथं कळलं. डॉक्टर येईपर्यंत भीती, ते गेले की जरा बरं, तपासणीला न्यायचं म्हटलं की परत भीती.

मंदाच्या केसांचा पार गुंता झाला होता. शेजारच्या खाटेवर एका म्हातारीची सून होती, श्रीरामपूरकडची. ती दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी कंगवा घेऊन आली. "दादा, लाज सोडा आन् हिकडं बसा. तीन भाग करायचे. दोरखंड न्हाई वळायचा, हळू धरा." असं करत तिनं मला वेणी शिकवली. माझी पहिली वेणी बघून अख्खा वॉर्ड हसला. मंदाही हसली, त्या अर्ध्या तोंडानं. त्या अठरा दिवसांत तेवढं एकच बरं झालं.

तिची वाचा आली ती एवढीच. "हां", "न्हाई" आणि "काय ते". पाणी हवं असलं तरी "काय ते", पाय दुखला तरी "काय ते". चिडली की जोरात, "काय ते! काय ते!" डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, "यांना बोलता येत नसलं तरी कळतं सगळं. समजतच नाही असं धरून चालू नका." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

मधे एकदा कपडे आणायला घरी गेलो. अंगणातल्या तारेवर तिची हिरवी साडी तशीच होती, ती आजारी पडायच्या आदल्या दिवशी धुतलेली, उन्हानं कडक झालेली. मला एकदम भरून आलं. माहेरी जातानाही हिची एक साडी अशीच हमखास तारेवर राहायची. मी चिडवायचो, "विसरभोळी! अंगावरची तरी आठवणीनं नेतेस हे नशीब." ती म्हणायची, "राहू द्या तशीच, आल्यावर काढीन मी." माझी आई होती तोवर तीही त्या साडीला हात लावायची नाही. मी काढायला गेलो तर म्हणायची, "असू दे की तिथं, तुझ्या का पोटात दुखतंय?" मी ती साडी घडी करून कपाटात ठेवली आणि दवाखान्यात परत गेलो.

घरी आणल्यावर

लोक भेटायला यायचे. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्यामुळं सगळे यायचे, शहाळं आणायचे, खाटेभोवती बसायचे आणि मंदाच्या तोंडावर म्हणायचे, "कशी हुती आन् कशी झाली!" मग मला, "तुमचीच कमाल हाय बरं का." आणि मी चहा ठेवायला आत जायचो. एका सकाळी तीन वेळा पातेलं घासलं. चौथ्या वेळी पाहुण्यांची गाडी दिसली तर मी बागेत पळून गेलो आणि झाडामागं बसून राहिलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, पाहुण्यांना भिऊन झाडामागं! मंदा घरात एकटी होती तेव्हा.

पहाटे पाचला उठायचं. तिचं सगळं आवरायचं, पुसून काढायचं, पावडर लावायची, कुशीवर वळवायचं. हाताचा व्यायाम, पायाचा व्यायाम. पेज करायची, चमच्या चमच्यानं भरवायची. मग भाकरी. माझी भाकरी गोल झाली नाही ती आजतागायत नाही. मंदा एका डोळ्यानं त्या भाकरीकडं बघायची आणि मान फिरवायची. माझ्या भाकरीवर असा शेरा कुणी दिला नाही! बाग मी चुलतभावाला बघायला सांगितली होती. लेक स्वाती पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, पदरात सात महिन्यांचं मूल. ती महिन्यातून दोन दिवस यायची, घर धुऊन काढायची, रडायची आणि जायची.

एक गोष्ट खरी सांगतो. चैत्रात मंदा उभी राहिली. फिजिओची डॉक्टर यायची, लहानशी पोरगी, स्वातीपेक्षाही लहान असेल. तिनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या, आणि मंदा भिंतीला हात लावून उभी राहिली. मी दहा म्हणेपर्यंत उभी होती. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला काहीच झालं नाही. मी विचार करत होतो की आता खाली बसव एकदाची, मला भांडी घासायचीत.

ते त्या पोरीच्या ध्यानात आलं. जाताना फाटकापाशी म्हणाली, "काका, तुम्ही झोपता का?"

"झोपतो की."

"जेवता?"

"हिचं झालं की जेवतो."

"काका, तुमचं लक्षण बरं नाही. याला बर्नआउट म्हणतात. सांभाळणाऱ्या माणसाचं असं होतं."

मी म्हटलं, "म्हणजे मोटार जळते तसं? विहिरीत पाणी नसलं आणि मोटार चालूच राहिली की जळते."

"अगदी तसंच," ती म्हणाली. "जळायच्या आत बंद करायची असते ना? कुणाला तरी मदतीला बोलवा."

मी हो म्हणालो आणि कुणालाच बोलावलं नाही. एवढी कीर्ती झालेली. आता कुणाला सांगायचं की मला होत नाही म्हणून?

पेज

वैशाख लागला होता. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. मी तिला पेज भरवत होतो. तिनं डाव्या हातानं चमचा ढकलला. पेज धुतलेल्या गाऊनवर सांडली. मी गाऊन बदलला. परत चमचा पुढं केला, तिनं परत ढकलला. "काय ते." मी म्हणालो, "काय ते काय? खा!" तिसऱ्यांदा तिनं वाटीच उडवली.

मी तिचा जबडा धरला. एका हातानं गच्च धरला आणि दुसऱ्या हातानं चमचा आत घातला. चमचा दातावर आपटला, आवाज झाला. तिनं गिळलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की हा कोण माणूस आपल्या घरात शिरलाय.

संध्याकाळपर्यंत गालावर माझ्या बोटांचे वळ होते. हौसाकाकूंनी विचारलं, "गालाला काय झालं गं बाई?" मी म्हणालो, "उशीचा वळ आहे." मंदा ऐकत होती.

मी मोटारीच्या खोलीत गेलो, मोटार चालू केली आणि तिच्या आवाजात ढसाढसा रडलो. मग स्वातीला फोन लावला. जबड्याचं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "पोरी, माझ्याच्यानं आता होत नाही."  ती म्हणाली, "बाबा, आईला पंधरा दिवस मामाकडं पाठवू या. मी मामीशी बोलते. तुम्ही फक्त झोपा."

मंदाचं माहेर राजूर, अकोले तालुक्यात वरच्या अंगाला. भाऊ भाऊसाहेब, भावजय अलका. दोघं लगेच हो म्हणाले. भाऊसाहेब म्हणाला, "दाजी, आमची आक्का हाय ती. तुमी इचारता काय?" मी फिजिओच्या डॉक्टरला सांगितलं, हौसाकाकूंना सांगितलं, चुलतभावाला सांगितलं. सगळ्या गावाला सांगितलं. राहिली कोण? मंदा. जायच्या दिवशी सकाळी वेणी घालताना म्हणालो, "भाऊसाहेब येतोय न्यायला. जरा बदल होईल." एवढंच. किती दिवस, परत कधी, कोण आणणार, काही नाही. खरं सांगू का, मला तिच्या तोंडाकडं बघायची लाज वाटत होती.

बॅग

मग मी बॅग भरायला घेतली. निळी, मोठी, चाकाची. तिकडं जाऊन वहिनींना कशासाठी अडून बसायला नको, म्हणून मी कपाटच रिकामं केलं. सगळे गाऊन, सगळ्या साड्या, शाल, स्वेटर, तिचा स्टीलचा पेला, कंगवा, कुंकवाची डबी. दवाखान्याची फाईल. आधार कार्ड, न जाणो तिकडं दवाखान्यात लागलं तर. कॅरेट भरायचा हात माझा. कुठंही पोकळी नाही. मोज्यांच्या गुंडाळ्यासुद्धा कोपऱ्यात बसवल्या.

मंदा खाटेवरून बघत होती. बॅग तिच्या डाव्या हाताला होती. मी वळलो तेवढ्यात तिनं हात घालून हिरवी साडी ओढून काढली आणि उशीखाली सारली. मी ती उशीखालून काढली, परत घडी केली, परत भरली.

"अगं, तिकडं सगळं लागंल तुला."

तिनं परत ओढली. "न्हाई," म्हणाली. "न्हाई. काय ते. काय ते."

"मंदे, गाडी येईल आता. कशाला पसारा करतेस?"

तिसऱ्यांदा तिनं साडीचा काठ धरला तो सोडेचना. मी तिची बोटं एकेक करून उघडली आणि ओरडलो, "बास! अजून किती छळशील मला?"

तिनं हात मांडीवर ठेवला. भाऊसाहेबानं तिला उचलून गाडीत बसवलं. हौसाकाकू धावत कुंकू लावायला आल्या, तिनं कपाळसुद्धा पुढं केलं नाही. गाडी फाटकातून बाहेर गेली. मी हात हलवला. तिनं मागं बघितलं नाही.

मी आत आलो आणि खाटेवर, तिच्याच खाटेवर, आडवा झालो. उठलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

सव्वीस दिवस

हे लिहायला जड जातंय, पण ते दिवस मला फार आवडले. सकाळी चहा गरम प्यायलो. बाजारात जाऊन मिसळ खाल्ली. बागेत एक एक झाड बघत हिंडलो. पाठ दुखायची थांबली. पंधरा दिवस झाले तेव्हा मीच फोन करून म्हणालो, "वहिनी, अजून आठ-दहा दिवस राहू द्या की." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." मग म्हणाल्या, "जेवत न्हाईत पर त्या नीट. भिताडाकडं तोंड करून पडत्यात." मी म्हणालो, "हवा बदललीय, होईल सवय." मी मंदाला फोन द्या असं म्हणालो नाही. तिला बोलता येत नाही, मग फोन देऊन काय करायचं, असा माझा हिशोब. अहो, तिला ऐकायला येत होतं!

सव्विसाव्या दिवशी सकाळी अलकावहिनींचा फोन आला.

"दाजी, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"आक्काला आता हितंच ठेवायचं ठरलंय का तुमचं? ठरलं आसंल तर ऱ्हाऊ द्या, आमाला जड न्हाई. पर आमाला सांगा तरी तसं."

मी चक्रावलो. "कोण म्हणतं असं?"

"कोण म्हननार? आक्काच."

"वहिनी, तिला बोलता येत नाही."

"बोलायला कशाला पायजे? आल्या दिवशी त्यांनी मला बॅग उघडाया लावली. एकेक साडी बाहेर काढून बघितली. हिरवी साडी निघाली आन् त्यांनी जे तोंड फिरवलं... दाजी, आमच्या घरची बाई माहेराला येती ना, तवा एक साडी सासरच्या तारंवर ठिवून येती. माझ्या सासूबाईंनी मला बी तेच शिकवलं, आक्काला बी. म्हंजी बाई परत यायची हाय. समदं घिऊन येती ती परत जायची नसती. तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. एकोणतीस वर्षं मी त्या तारेवरच्या साडीला हसत आलो होतो. माझ्या आईला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसलो. तिची बोटं मी एकेक करून उघडली होती. ती मला छळत नव्हती हो. ती परत यायचं म्हणत होती.

शर्ट

मला तिथं काहीतरी घेऊन जायचं होतं. तुझं हे एवढं घरात राहिलं होतं, असं म्हणायला काहीतरी. मी कपाट उघडलं, रिकामं. खुंटीवर काही नाही. मोरीत नाही. खाटेखाली नाही. एवढं चोख काम केलं होतं मी! शेवटी शेडमध्ये गेलो. तिथं खिळ्याला तो लांब बाह्यांचा शर्ट होता, ती पेरू निवडताना साडीवर घालायची तो. बाहीला चीक लागलेला. तो तेवढा भरायचा राहिला होता, कारण तो माझा होता.

तो पिशवीत घालून संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो. मंदा ओसरीवर खाटेवर होती. वेणी वहिनींनी घातलेली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. अंग पार उतरलेलं. मला बघून चेहऱ्यावर काही हललं नाही.

मी खाली बसलो आणि तिचे पाय धरले. अलकावहिनी, भाऊसाहेब, ओट्यावर आलेल्या दोन बायका, सगळ्यांसमोर धरले. म्हणालो, "मंदा, मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ माहीत नव्हतं. मी थकलो होतो, म्हणून पंधरा दिवस पाठवली. टाकली नाही. तुझा गाल धरला ते मी केलं. उशीचा वळ नव्हता तो." मग पिशवीतून शर्ट काढला. "हे बघ. हे राहिलं होतं. तुझं एवढं घरी राहिलं होतं."

तिनं शर्ट डाव्या हातात घेतला. कॉलर बघितली, बाही बघितली. मग माझ्या मांडीवर परत ठेवला.

"न्हाई," म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. शर्ट माझा होता. तारेवरच्या साडीच्या जागी तो धरत नाहीत.

ती माझ्याबरोबर आली. भाऊसाहेबानं उचलून बसवली म्हणून आली. वाटेत मी बोलत होतो, ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर फिजिओच्या डॉक्टरनं तिला उभं करून बघितलं. चैत्रात दहा म्हणेपर्यंत उभी राहिलेली बाई दोन म्हणायच्या आत खाली आली.  "परत सुरू करू," एवढंच डॉक्टर म्हणाली.

आता

आता परत पेरू सुरू झालेत. आठवड्यातून तीन दिवस हौसाकाकूंची सून दुपारी मंदाजवळ बसते आणि मी झोपतो. उघड झोपतो, कीर्तीचं काय व्हायचं ते होवो. पाहुण्यांना फाटकावरच सांगतो, "आज नको." विश्रांती घेतली ही माझी चूक नव्हती, असं डॉक्टर म्हणते आणि मलाही ते पटतं. तुम्हीही घ्या, जळायच्या आत घ्या. माणूस कुठं पाठवायची वेळ आली तर पाठवा. पण त्याच्या समोर बसा, डोळ्यात बघा आणि सांगा, किती दिवस, कुठं, आणि परत आणायला मी येणार. त्याला बोलता येत नसलं तरी सांगा. आणि ते काय मागतंय ते बघा, तुम्ही कितीही थकला असाल तरी.

मंदा परत उभी राहायला लागलीय, भिंतीला धरून. जेवते. माझ्या भाकरीवरून मान फिरवते, त्याचंच मला बरं वाटतं. पण मी निळी बॅग नुसती माळ्यावरून काढली तरी ती खाटेची पट्टी धरते. मी शंभर वेळा सांगितलंय की परत असं होणार नाही. ती ऐकून घेते. "हां" म्हणते. पट्टी सोडत नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास एकोणतीस वर्षं होता, मी तो एका सकाळी भरून पाठवून दिला.

परवा तपासणीला जायचं होतं. दोन तासांचं काम. बॅग नाही, काही नाही, हातात फक्त फाईल. रिक्षा फाटकात उभी. मी तिला उठवायला हात पुढं केला तर ती उठेना. दाराकडं बघून म्हणाली, "काय ते."

"काय पाहिजे? पाणी?"

"न्हाई." डावा हात अंगणाकडं. "काय ते."

मी वळून बघितलं. तार रिकामी होती. आदल्या दिवशी मीच सगळं धुणं वाळवून, घड्या करून कपाटात ठेवलं होतं.

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्याला हातानं थांब म्हणालो. कपाटातून हिरवी साडी काढली. स्वच्छ होती, कोरडी होती, इस्त्रीसुद्धा केलेली. मी ती अंगणात नेऊन बादलीत बुडवली, पिळली, झटकली आणि तारेवर टाकली. दोन्ही टोकांना चिमटे लावले.

मंदानं दारातून ती नीट बघितली. एक टोक खाली आलं होतं, तिकडं बोट दाखवलं. मी ते सरळ केलं.

मग तिनं उठायला हात पुढं केला.